मदत हवी आहे: वडिलांच्या पेजमेकर फाइलींमधलं मराठी बाहेर कसं काढायचं?

छापखानेवाली:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते आहे, पण अर्धवट लिहिलं की पहिले पाच प्रतिसाद "कॉन्फिग सांगा" असे येतात, म्हणून सगळं एकदमच.

विट्यात आमच्या अण्णांचा छापखाना. आधी शिशाचे खिळे आणि पायानं चालवायचं ट्रेडल, १९९९पासून डीटीपी, म्हणजे संगणकावर जुळणी. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम) जुळवायचं, लेझर प्रिंटरवर बटरपेपर काढायचा आणि प्लेट करायला सांगलीला धाडायचा. आत्ताचं मशीन २००४चं आहे. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची आयडीई (जुन्या चपट्या केबलची) हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी, पेजमेकर ७. मराठीसाठी रीतसर विकत घेतलेलं पॅकेज, त्याचा डाँगल (हा लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही) मागे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला. पॅकेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. बिचाऱ्यानं वीस वर्षं काम केलं.

गेल्या महिन्यापासून मशीन सुरू करताना डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज येतो. मग मिनिटभर शांतता, मग एक्सपी उघडतं. अण्णांचं म्हणणं, "तेवढं ते बोलतंच." त्यांनी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली आहे: कुणीही हात लावू नये.

आता खरं कारण. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिला होता, २१२ पानं, २००९ साली अण्णांनीच जुळवून छापला. बहात्तरच्या दुष्काळात गावानं कुठल्या कुठल्या कामांवर खडी फोडली, त्याची नावानिशी यादी आहे त्यात. प्रती संपल्या. गुरुजींना ८६ वर्षं झाली आहेत, दुसरी आवृत्ती काढायची आहे आणि नातवंडांना मोबाइलवर वाचता यावी असंही त्यांना वाटतं. हस्तलिखित वाळवीनं खाल्लं. फाइली फक्त त्या मशीनमध्ये.

मी एक प्रकरण पेन ड्राइव्हवर घेऊन पुण्याला आले. माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडलीच नाही. मग तिकडे असताना एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला होता, तो पाहिला तर नुसती चिन्हं. डॉलर, उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर टोपी घातलेला ए. गंमत म्हणजे अण्णांना फोनवर ती चिन्हं वाचून दाखवली तर म्हणाले, "पहिला शब्द 'गावच्या' असणार." आणि तोच होता!

भाऊ ज्या दुकानात विचारून आला त्यांनी सांगितलं की विंडोज ११चा नवा लॅपटॉप घ्या, डाँगलसाठी यूएसबी टू पॅरलल केबल लावा, सगळं जसंच्या तसं चालेल. पंचेचाळीस हजार. भाऊ निघालाच आहे पैसे घेऊन. थांबवू का?

---

जुना खिळा:

थांबवा. आत्ता फोन करा आणि थांबवा.

ती केबल प्रिंटरसाठी असते. तिच्यावर प्रिंटर चालतो, डाँगल चालत नाही, कारण डाँगलचा ड्रायव्हर थेट पोर्टशी बोलतो आणि यूएसबीच्या पलीकडे त्याला पोर्ट दिसतच नाही. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. २००४च्या डाँगलचा ड्रायव्हर त्यावर बसेल अशी आशाही ठेवू नका. लॅपटॉप घ्यायचाच असेल तर घ्या, पण या कामासाठी नको.

दुसरं, ते मशीन आता सुरू करू नका. टकटक म्हणजे डिस्कचं हेड वाचायला जातंय आणि परत येतंय. अशा डिस्कला किती वेळा सुरू होणं शिल्लक आहे ते कुणी सांगू शकत नाही. अण्णांची चिठ्ठी बरोबर आहे, फक्त ती अण्णांनाही लागू करा.

---

रात्रपाळी:

खिळेसाहेबांशी सहमत. क्रम असा ठेवा. डिस्क बाहेर काढायची, आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टरला लावायची (सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेला घ्या, साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही), दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कवरचं वाचवणारा प्रोग्राम चालवायचा. फाइली एकेक करून कॉपी करायला जाऊ नका. विंडोज एका खराब जागेवर अडकून बसतं आणि तिथेच डिस्कचा जीव घेतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं आणि वाईटाकडे शेवटी वळतं. मध्ये बंद पडलं तरी कुठपर्यंत आलो याची नोंद त्याच्याकडे असते.

अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, हातात आली की निम्मं दुखणं संपलं. पुढचं सावकाश.

---

अर्धी वेलांटी:

मी जरा त्या टोपीवाल्या ए बद्दल लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे.

युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी नसतंच. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, शिवाजी, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकानं सारखीच. एका फॉन्टमध्ये जेमतेम दोनशे-सव्वादोनशे खाने. ते असतात इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांचे. त्या खान्यांत यांनी अर्धा क, काना, रफार, उकार असे तुकडे बसवले. म्हणजे फाइलीत लिहिलेला असतो टोपीवाला ए, आणि फॉन्ट त्या जागी अर्धा क काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरलं. आणि कुठल्या खान्यात काय, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. डीटीपीवाल्यांनी ग्राहक धरून ठेवायला हे केलं असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. नंतर मात्र इलाज असून वर्षानुवर्षं तेच चालू ठेवलं, त्याला माफी नाही.

आता बदलताना काय होतं ते पाहा. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं साठवलेलं असतं. 'किती' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये बोलतो तसं, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचं उलट. 'कीर्ती'मध्ये जुना फॉन्ट रफार शेवटी ठेवतो, युनिकोडला तो र् म्हणून त च्या आधी लागतो. म्हणजे नुसतं या चिन्हाऐवजी ते चिन्ह करून भागत नाही, चिन्हं उचलून जागा बदलावी लागते. चांगला कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) हे करतो, वाईट कन्व्हर्टर वेलांट्या शेजाऱ्याला देऊन मोकळा होतो.

मजकूर पेजमेकरमधून काढताना साधी टेक्स्ट फाइल काढू नका, आरटीएफ काढा. आरटीएफमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात होता ही खूण राहते. नाहीतर पुस्तकात मध्येच टाइम्समध्ये टाकलेलं एखादं इंग्रजी नाव कन्व्हर्टर मराठी समजून चावून टाकेल.

---

डबाबाटली:

एवढं कशाला? लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतं, ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून. फुकट. मी माझ्या सासऱ्यांच्या फाइली तशाच काढल्या.

---

अर्धी वेलांटी:

@डबाबाटली, उघडतं हे खरं, पण जुने फॉन्ट त्या संगणकावर टाकल्याशिवाय चिन्हंच दिसतील, आणि लांब पुस्तकात मजकूर पानापानाच्या चौकटींत तुटून येतो. पत्रिकेला झकास. २१२ पानांना शेवटचा उपाय म्हणून ठेवा. इनडिझाइन (अडोबीचा पानं जुळवायचा नवा प्रोग्राम) असलं तर सीएस६ आवृत्ती किंवा त्याआधीचं हवं, पुढच्या सीसीपासून पेजमेकरच्या फाइली घेणं अडोबीनं बंद केलं.

---

डबाबाटली:

बरोबर, माझ्या पत्रिकाच होत्या. :)

---

छापखानेवाली:

भावाला थांबवलं, पंचेचाळीस हजार वाचले. सगळ्यांना त्याच्यातर्फे चहा.

शनिवारी विट्याला गेले. अण्णांना मशीन उघडायचं म्हटल्यावर ते जेवायलाच उठले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, खिळ्यांच्या केस भंगारात दिल्या तेव्हा तुम्ही आधी सगळ्या टायपांचा एकेक ठसा काढून ठेवला होता ना? मी तेच करते आहे." मग स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. आत बोटभर धूळ आणि एक वाळलेली पाल.

डीडीरेस्क्यू रात्री नऊला लावलं. पहिल्या दोन तासांत बराचसा भाग आला आणि उरलेल्या चिमूटभरासाठी रविवारी दुपारपर्यंत घरघरत होतं. शेवटी थोडेसे केबी आले नाहीतच. ते कुठल्या फाइलीतले हे शोधलं, तर एक्सपीच्याच कुठल्या तरी मदत-फाइलीतले. पेजमेकरच्या पीएमडी आणि पी६५ अशा दोन्ही शेपट्यांच्या मिळून दोन हजारांवर फाइली आहेत! भावानं ओळखीच्या भंगारवाल्याकडून १६० जीबीची जुनी आयडीई डिस्क आणली, तिच्यावर इमेज उतरवली, मशीनमध्ये बसवली. एक्सपी उघडलं. डाँगलही चालला. अण्णा म्हणाले, "आवाज का येत नाही आता?"

आरटीएफही काढून झालं. कर्सर मजकुरात ठेवून मगच एक्स्पोर्टला जायचं, नाहीतर तो पर्याय फिका राहतो, हे अण्णांना पाठ होतं. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफही करून ठेवली, निदान पान कसं दिसत होतं ते तरी राहील.

पण कन्व्हर्ट केल्यावर नवीनच भानगड. पुस्तकभर 'शेतकर्यांनी', 'गावकर्यांनी', 'पायर्या'. मी शहाणपणा केला आणि 'र्या'च्या जागी सगळीकडे 'ऱ्या' टाकला. आता प्रकरण तीनमध्ये ग्रामपंचायत काऱ्यालय आहे आणि पाण्याला मऱ्यादा आहेत. हसू नका. काय करू?

---

जुना खिळा:

हसलो. काऱ्यालय मी आता वापरणार.

---

अर्धी वेलांटी:

तुमचा कन्व्हर्टर हिंदीच्या हिशेबानं बनवलेला दिसतो. हिंदीला 'ऱ्या'ची गरज नाही, मराठीचं त्यावाचून चालत नाही. आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगतात. युनिकोडमध्ये या र ला स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे एकदा नीट केलं की नीट राहतं.

आधीची, रिप्लेस न केलेली फाइल असेल तर ती घ्या. आरटीएफमध्ये मूळ चिन्ह वेगळं आहे का बघा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये त्या आडव्या र ला बहुतेक स्वतःचा खाना असतो, रफाराला वेगळा. म्हणजे फरक मूळ फाइलीत आहेच, कन्व्हर्टरनं तो पुसला. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ती एक ओळ दुरुस्त केली की सगळं पुस्तक सुधारेल, शोधा-बदला करायची वेळच येणार नाही. तक्ता उघडता येत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी छोटी स्क्रिप्ट देतो. त्यासाठी मला फॉन्टचं नाव आणि ज्यात 'पायऱ्या', 'सूर्य', 'किर्र', 'कीर्ती', 'ज्ञान', 'श्री', 'अॅ' आणि 'ळ' आहेत असं एक पान हवं.

कन्व्हर्ट झाल्यावर फॉन्ट मंगल ठेवू नका, त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. गुरुजींच्या वयाच्या माणसाला ते पहिल्या ओळीत टोचेल. आयआयटी मुंबईचा शोभिका फुकट आहे, तो बघा. मजकुराची भाषा मराठी अशी निवडायला विसरू नका.

---

रात्रपाळी:

एक भर. छापील प्रत असेलच. ती स्कॅन करून गूगल ड्राइव्हमधून ओसीआर करा (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) आणि कन्व्हर्ट केलेल्या मजकुराशी ताडून बघा. ओसीआरच्या चुका आणि कन्व्हर्टरच्या चुका सहसा एकाच जागी पडत नाहीत. जिथे दोन्ही वेगळं म्हणतात तेवढंच डोळ्यांनी वाचायचं. आकडे मात्र सगळे हातानं तपासा, ३ आणि ६ मध्ये ओसीआर हमखास गोंधळतं.

---

छापखानेवाली:

तीन आठवड्यांनी येते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

अर्धी वेलांटी यांचा अंदाज बरोबर निघाला, आडव्या र ला वेगळा खाना होता. त्यांची स्क्रिप्ट चालवली आणि काऱ्यालय गेलं. राहिलेल्या चुका म्हणजे मुख्यतः अवतरणचिन्हं आणि दोन ठिकाणचा 'ज्ञ'. ओसीआरशी ताडताना दुष्काळाच्या यादीतले आकडे खरंच गडबडले होते, पण ओसीआरमधले. फाइलीतले बरोबर होते.

प्रिंट काढून गुरुजींना नेऊन दिलं. चार दिवसांनी त्यांनी लाल पेनाच्या खुणा करून परत दिलं. पान ४७वर एका माणसाचं आडनाव चुकलंय, कन्व्हर्टरनं खाल्लं, असं त्यांचं म्हणणं. मी २००९ची छापील प्रत उघडली. तीच चूक तिथेही. अण्णांना दाखवलं, तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हे मी टाइप केलंय. त्या दिवशी लाइट सारखे जात होते." आणि मग, "त्यांना सांगू नकोस."

सांगितलेलं नाही. नुसतं दुरुस्त केलं. उरलेल्या दोन हजार फाइलींचा धागा वेगळा काढते.