मदत हवी आहे: दोन नोकऱ्या, दोन लहान मुलं, परवा सकाळी उत्तर द्यायचंय (सोलापूर)

जुळेसोलापूरकरीण
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. दोन ठिकाणी सिलेक्शन झालंय. एक होटगी रोडचं मोठं खासगी हॉस्पिटल, आयसीयूत, 19 हजार. दुसरं सात रस्त्याजवळ डोळ्यांचं, 13 हजार. कुठलं घेऊ? एचआरवाले परवा सकाळी फोन करणार आहेत. "मनाचं ऐक" सोडून काहीही सांगा, मन दोन्हीकडे हो म्हणतंय.

बाळीवेस
दोन्ही सोडा, सरकारीचा अभ्यास करा. खासगीत काय ठेवलंय.

निवृत्त सिस्टर
ताई, महत्त्वाचं सगळं गाळलंत. मुलं केवढी? नाईटला त्यांच्याजवळ कोण? मिस्टर काय करतात? 19 हजार हातात की कागदावर?

जुळेसोलापूरकरीण
मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड. लग्नानंतर शिकले मी. सासूबाई आहेत, पण गुडघ्यांमुळे धाकटीला उचलता येत नाही. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर.

निवृत्त सिस्टर
म्हणजे त्यांचीही पाळी! त्यांची रात्रपाळी आणि तुमची नाईट एकाच आठवड्यात आली तर? आधी हे सोडवा, पगाराचं नंतर बघू. नाईट महिन्यात किती?

कडक भाकरी
मी आयसीयू घ्या म्हणेन. पहिली दोन वर्षं व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप हाताखालून गेले की पुढे कुठेही उभं राहता येतं. डोळ्यांच्या ठिकाणी थेंब टाकण्यात आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) याद्या करण्यात हात बसून जातो.

निवृत्त सिस्टर
थेंब टाकणं? मोतीबिंदूच्या कॅम्पच्या दिवशी ओटीत एकदा उभे राहून बघा. एका सकाळी रांगेनं पेशंट, प्रत्येकाचा कुठला डोळा हे तपासत बसायचं. चूक झाली तर जबाबदार सिस्टर.

कडक भाकरी
मॅडम, राग नको. आयसीयूचा अनुभव बाजारात चालतो, एवढंच म्हणतोय.

शेंगाचटणी
बाजारात पोरं पण सांभाळतात का ओ? आमच्याकडे पाणी चार दिवसांनी, तेही अवेळी. बायकोची नाईट त्याच दिवशी आली की मीच बादल्या घेऊन उभा.

बाळीवेस
पाण्याचा विषय काढूच नका. उजनी भरलं तरी आमच्या नळाला तेच.

शेंगाचटणी
आमच्या भागात तर मोटार लावल्याशिवाय वर चढतच नाही.

हिशेबनीस
पाणी बाजूला ठेवा. 19 हजार ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार असेल आणि बेसिक 12 हजार धरलं, तर पीएफ 12 टक्क्यांनी 1,440. ईएसआय (कामगार विमा) 0.75 टक्के, म्हणजे 143. बाईमाणसाला 25 हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही. हातात साधारण 17,400. पण 19 हा आकडा सीटीसी (मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असेल तर मालकाचा वाटाही त्यातूनच जातो, म्हणून ऑफर लेटरवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. 13 हजारवाले पीएफ, ईएसआय कापतात का? कापत नसतील तर "जास्त हातात येतंय" म्हणून खूश होऊ नका. ईएसआय असेल तर मुलांचं औषधपाणीही त्यात बसतं.
आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्यानं द्यावी लागते, आईला दिवसातून चारदा जाऊन बघायचीही मुभा आहे. विचारा. बहुतेक लोक विचारतच नाहीत.

परदेशवारी
जर्मन भाषा शिका, जर्मनीत नर्सना मागणी आहे.

जुळेसोलापूरकरीण
@परदेशवारी, धाकटी अजून अंगावर पिते.
@हिशेबनीस, लेटरवर सीटीसीच लिहिलंय. मला वाटलं होतं तेच पगार. नाईट रात्री 8 ते सकाळी 8, महिन्यात सात-आठ. डोळ्यांच्या ठिकाणी 9 ते 6, रविवार सुट्टी, पीएफ आहे. आणि हो, आयसीयूवाले मूळ सर्टिफिकेट एक वर्ष जमा ठेवतात, बाँडही आहे (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार). ते सगळीकडेच असतं ना?

निवृत्त सिस्टर
हे शेवटी सांगताय होय! मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. उद्या सरकारी जाहिरात आली, कागद पडताळणीला बोलावलं, तर काय दाखवणार?

बाळीवेस
मी पहिल्यालाच सरकारी म्हटलं होतं.

कडक भाकरी
बाँडचं माहीत नव्हतं. मग माझं आयसीयू परत घेतो, कागद हातात राहणार असतील तरच.

जुळेसोलापूरकरीण
आत्ताच फोन केला. मूळ कागदाशिवाय जॉइनिंग नाही म्हणाले, "पॉलिसी आहे". नाईट पहिले तीन महिने देणार नाही म्हणाले, पण लेखी द्या म्हटलं तर बोलणं बदललं. सात रस्त्याच्या ठिकाणी उद्या जाऊन एक हजार वाढवून मागणार आहे. तिथे पाळणाघर नाही, पण ड्युटी नऊ ते सहाच, रात्री घरी. सासूबाई म्हणाल्या, तेवढं मी बसून सांभाळीन, उचलायला शेजारची पोरगी येईल.

परदेशवारी
तरी भाषेचा क्लास बघून ठेवा.