मदत हवी आहे : चार घरी काम करणाऱ्या बाईचं न्याय्य वेतन कसं काढायचं?

१ मेला, कामगार संत जोसेफच्या सणाला, आमच्या मालाडच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या धर्मग्रामात) मला न्याय्य वेतनावर बोलायचंय. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मालकीण आणि तिच्याकडे भांडी घासणारी बाई एकाच बाकावर बसतात, त्यामुळे नुसतं 'दया दाखवा' म्हणून भागणार नाही. आकडा हवा.

कामगारांविषयीची दोन पोपपत्रं, पोप लिओ तेरावे यांचं १८९१चं 'रेरुम नोव्हारुम' आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९८१चं 'लाबोरेम एक्झर्चेन्स', वाचलीयत. कमाईत कुटुंब चाललं पाहिजे, हे तिथे स्पष्ट आहे. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेचं किमान वेतन काढायचं सूत्रही लावून पाहिलं : तीन युनिटचं (म्हणजे कुटुंब मिळून तीन प्रौढांइतकं) अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, इंधन. पण ते पूर्णवेळ कामगाराचं. मालवणीहून येणारी बाई चार घरी तास-दीड तास करते. सरकारी किमान दर सुचवू नका, तो पुरत नाही हाच मुद्दा आहे.

महिन्याचा खर्च चार घरांत तासांवर वाटायचा की कामावर? आणि एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा?