अर्धांग झालेल्या आत्याला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात ठेवावं का?

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. माझी आत्या ७९ वर्षांची. मूलबाळ नाही, आतोबा गेल्यापासनं आमच्याकडंच असते. श्रावणात अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. आता बागेची फळछाटणी सुरू आहे. बायको रानातनं येती आणि एकटीच तिला उचलती, तिची कंबर धरलीय. मुंबईतल्या चुलतभावानं कॅथलिक सिस्टर चालवतात तो वृद्धाश्रम सुचवलाय. आत्या माळकरी आहे. भावकी म्हणते, "माळकरी बाईला ख्रिश्चनांच्यात नेऊन ठेवणार व्हय?" तिथं प्रार्थनेला बसवतात का? खाण्यापिण्याचं काय? आणि शेवटचं सगळं कसं करतात? कुणी जवळनं बघितलं असेल तर सांगा.

मिरजेची_नर्स
दादा, मुंबईत सिस्टरांच्या एका वृद्धाश्रमात मी बरीच वर्षं रात्रपाळी केलीय. बघितलंय तेवढंच सांगते.

मिशन म्हटलं की आपल्याकडं मिरजेचं हॉस्पिटल आठवतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. या सिस्टर कॅथलिक. लग्न न करता व्रत घेऊन तिथंच राहतात, पाळी संपली म्हणून घरी जायचा प्रश्नच नाही. म्हाताऱ्यांसाठीच वाहून घेतलेला त्यांच्यातला मोठा संघ म्हणजे लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर. १८३९ च्या थंडीत फ्रान्समध्ये झान जुगां नावाच्या मोलकरणीनं एका आंधळ्या, अंग लुळं पडलेल्या म्हातारीला घरी आणलं. आपला पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. पुढं टोपली घेऊन दारोदार फिरली, माधुकरी मागतात तशी, आणि त्यावर म्हाताऱ्यांना जगवलं. १८८२ साली या सिस्टर कोलकात्याला आल्या. २००९ मध्ये पोपनी झानला संतपद दिलं. त्यांची पहिली पेशंट तुमच्या आत्यासारखीच होती, हे भावकीला जरूर सांगा.

प्रार्थनेचं म्हणाल तर आमच्याकडं सकाळी चॅपेलमध्ये मिस्सा असायची, ज्याला जायचं तो जायचा. एक माळकरी आजी होत्या, संध्याकाळी खाटेवरच हरिपाठ म्हणायच्या. केरळच्या एक सिस्टर होत्या, मराठी मोडकंतोडकं, पण स्वयंपाकघरातल्या फळ्यावर एकादशीची तारीख खडूनं लिहून ठेवायच्या. त्या दिवशी आजींना वरीचा भात ठरलेला. आजी गेल्या तेव्हा सिस्टरांनी मुलाला बोलावून घेतलं, पुढचं सगळं त्यानं आपल्या रीतीनं केलं. तरी प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, म्हणून फॉर्म भरतानाच माळ, उपवास आणि अंत्यविधी याबद्दल लेखी द्या.

मला जास्त काळजी आत्याच्या टाचांची आणि माकडहाडाची वाटते. स्वतः कूस बदलता येत नसेल तर तिथं जखम व्हायला वेळ लागत नाही. साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. त्या सिस्टर टॉर्चवर हात धरून यायच्या, बाकीच्या जाग्या होऊ नयेत म्हणून. लुळा हात अंगाखाली अडकलाय का ते आधी चाचपायच्या, मग हळूच वळवायच्या आणि पोटरीखाली अशी उशी सारायच्या की टाच अधांतरी राहील. इतकं मन लावून केलेलं काम मी दवाखान्यांतसुद्धा फार कमी बघितलं. भरवताना आत्याला ताठ बसवा, घास उजव्या गालात द्या आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो.

वृद्धाश्रम बघायला गेलात तर ऑफिसात चहा पिऊन परतू नका. वॉर्डात जा. झोपून असलेल्या माणसांच्या अंगाला जखमा आहेत का, रात्री किती जण जागे असतात, स्पष्ट विचारा. आणि दादा, बऱ्याच ठिकाणी स्वतः चालणाऱ्यांनाच घेतात. लिटल सिस्टर्सची घरं तर गरिबांसाठी आहेत, बागायतदाराच्या आत्याला तिथं जागा मिळेलच असं धरून चालू नका.

अजून एक. डावी बाजू गेलीय म्हणजे वाचा बहुतेक शाबूत असणार. आत्याला विचारलंत का?

कराडकर
आत्यांच्या नावावर आतोबांची जमीन आहे का? असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर निपुत्रिक विधवेला नवऱ्याकडून आलेली जमीन तिच्या मागं नवऱ्याच्याच वारसांकडं जाते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाला मिळणार, त्याच्यावर तिला सांभाळायची जबाबदारी येते. प्रांतांकडं अर्ज करता येतो. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

बागायतदार_तासगाव
जमीन आहे, दीड एकर. आतोबांचे पुतणे कसतात. झटका आल्यापासनं एकदाही फिरकले नाहीत. उद्या जाऊन बोलतो.

ताई, आत्याला काल रात्री विचारलं. जीभ जड झालीय पण बोलली. म्हणाली, "मला कुठंबी ठेवा, पर सुनंची कंबर मोडू नका. आन् सिस्टर हरिपाठ म्हणू देत असत्याल तर मला काय हरकत न्हाई." छाटणी उरकली की मुंबईला जाऊन बघून येतो. तोवर घरी काय करावं?

मिरजेची_नर्स
तोवर वहिनींनी तिला काखेत हात घालून उचलायचं बंद करा, आजपासनंच. तसं ओढलं की आत्याचा लुळा खांदा निखळतो आणि वहिनींची कंबर जाते. जुनी सुती साडी चौपदरी करून आत्याच्या खांद्यापासनं मांडीपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून धरायच्या आणि एकदम सरकवायचं. पलंगाखाली विटा घालून तो वहिनींच्या कमरेएवढा उंच करा, पण विटा पक्क्या बसल्यात ना ते बघा. हवेची गादी भाड्यानं मिळते, मिरजेत दवाखान्यांजवळच्या दुकानांत विचारा.

रविवारी दुपारी मी मोकळी आहे. निरोपात पत्ता पाठवा, येऊन वहिनींना करून दाखवते. घरातला अजून एक दणकट माणूस त्या वेळी हजर ठेवा, त्यालाही शिकू दे.