'माइतीघर' आणि नेपाळी सिनेमाची गाणी : तुमच्या आठवणी लिहा

मंडळी, मंगेशकर भगिनींची इतर भाषांतली गाणी जमवता जमवता मी 'माइतीघर'पाशी येऊन पोचले आणि आता तिथून पाय निघत नाही. १९६६ सालचा हा नेपाळी सिनेमा. दिग्दर्शक बी. एस. थापा, नायिका माला सिन्हा, नायक सी. पी. लोहनी (पुढे हे दोघे नवरा-बायको झाले), संगीत 'हम दोनो'वाल्या जयदेव यांचं. गायला लताबाई, आशाताई, उषाताई, गीता दत्त, मन्ना डे, आणि त्यांच्या जोडीला नेपाळीतले नारायण गोपाल, अरुणा लामा, प्रेमध्वज प्रधान. ही गाणी किंवा दुसरी कुठलीही नेपाळी सिनेमाची गाणी तुमच्या आयुष्यात कशी आली, ते सविस्तर लिहा.

*

ठाण्यात आमच्या सोसायटीत एक नेपाळी दाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) आहेत. लताबाई गेल्या त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, खाली सगळे जमलो होतो. कुणी मराठी गाणं लावलं, कुणी हिंदी. दाई पुढे आले आणि म्हणाले, बाई आमच्या भाषेतही गायल्यात. त्यांनी मोबाइलवर 'माइतीघर'चं गाणं लावलं. मला शब्द कळत नव्हते, आवाज मात्र अगदी घरचा. त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या गाण्यांत तेच आजही डोक्यात आहे.

*

मी पाटणची. कोयनेकाठच्या नव्हे, काठमांडूजवळच्या. लग्न होऊन साताऱ्यात आले.

आमच्याकडे तीजेला लेकी माइतीला, म्हणजे माहेरी येतात. आदल्या रात्री 'दर' असतो, पोट भरेपर्यंत खायचं, कारण दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा नाही. लाल साड्या नेसून बायका पशुपतिनाथाला रांगा लावतात, गातात, नाचतात. तुमची हरितालिका त्याच तिथीला असते. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना दरची गोष्ट सांगितली, तर त्यांनी आदल्या रात्री माझ्यासाठी शेवयांची खीर केली. मग दरवर्षी करत राहिल्या. सकाळी त्या वाळूची पिंड करायच्या, मी शेजारी बसून पत्री वाहायचे आणि मनात आईची गाणी चालू असायची.

आईला ती रेडिओ नेपाळवरून पाठ झाली होती. कामं उरकता उरकता ती गुणगुणायची, पण अरुणा लामांचा आवाज आला की हातातलं काम बाजूला ठेवायची. तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता. त्या दार्जिलिंगच्या. १९९८ मध्ये त्या गेल्या तेव्हा आईनं मला मुद्दाम फोन केला, आणि बोलणं काही झालंच नाही, दोघी नुसत्या रडलो. मंगेशकर बहिणींचं कौतुक जरूर करा, मलाही त्या प्रिय आहेत. पण आमच्या घरी हा सिनेमा ओळखला जायचा तो अरुणा लामा आणि नारायण गोपाल यांच्यामुळे.

*

वर सातारच्या ताईंनी लिहिलंय ते अगदी पटलं. मी तबला वाजवतो, त्यामुळे माझी वाट तालाकडून आली. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधल्या 'कांची रे कांची रे'चा ठेका तबल्यावर बसवायला गेलो, तो बसेना. मग कळलं की ते मादल आहे : आडवं धरायचं, दोन्ही तोंडांना शाई, दोन्ही हातांनी वाजवायचं. वाजवणारे दार्जिलिंगचे रणजित गजमेर, पंचमदांचे 'कांछा'. त्यांचं पुढचं काम शोधत गेलो आणि 'कुसुमे रुमाल' (१९८५) सापडला. दिग्दर्शक तुलसी घिमिरे, संगीत गजमेरांचं, आणि पडद्यावर चक्क आपले उदित नारायण, 'कयामत से कयामत तक'च्या आधीचे! मुंबईत पंचमदांकडे साथ करणारा माणूस आपल्या भाषेत संगीतकार म्हणून केवढा मोठा होता, हे आपल्याकडे ठाऊकच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मादल आता माझ्याकडे आहे. शिकतोय.

*

थोडक्यात लिहितो. काठमांडूहून पोखऱ्याची बस, त्रिशूली नदीच्या कडेनं. ड्रायव्हरनं नारायण गोपाल लावले आणि कॉलेजच्या पोरांपासून मागच्या आजोबांपर्यंत सगळी बस गाऊ लागली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्यांची गाणी मिळवण्याचं.

*

माझे वडील इंजिनिअर, साठच्या दशकात नोकरीनिमित्त आम्ही काठमांडूत होतो. 'माइतीघर' मी तिथेच आईच्या मांडीवर बसून पाहिला. गोष्ट फारशी आठवत नाही. माला सिन्हा नेपाळीत बोलायला लागल्या की थिएटरमध्ये जो गलका व्हायचा, तो आठवतो. हिंदीतली एवढी मोठी नटी आपली भाषा बोलतेय, याचा तो आनंद होता. सुनील दत्त थोड्या वेळासाठी येतात, तेव्हाही शिट्ट्या. आईनं तिथल्या शेजारणींकडून त्यातलं एक गाणं शिकून घेतलं होतं आणि पुढे नागपूरला आल्यावरही म्हणायची. ती आता नव्वदीला टेकलीय, निम्मे शब्द विसरलीय. कुणाकडे अख्ख्या सिनेमाची स्वच्छ प्रत असेल तर इथे नक्की कळवा. तिला शेजारी बसवून पाहायचा आहे.