साधा डीव्हीडी प्लेयर घ्यावा, ब्लू-रे घ्यावा की आता गाशाच गुंडाळावा?

कपाटभर
आमचा जुना डीव्हीडी प्लेयर गेला. म्हणजे चालू होतो, ट्रे बाहेर येतो, डिस्क गिळतो, मिनिटभर आतल्या आत गुरगुरतो आणि मग स्क्रीनवर 'नो डिस्क'. लेन्स क्लीनरवाली ब्रशची डिस्क फिरवून झाली, उघडून भिंग पुसून झालं, काही उपयोग नाही.

कपाटात दीडशेच्या आसपास डीव्हीडी आहेत. नाटकं, गाण्याच्या मैफली, काही जुने सिनेमे जे कुठल्याच ओटीटीवर सापडत नाहीत, आणि नऊ-दहा घरच्या समारंभांच्या, रेकॉर्ड केलेल्या. टीव्ही नवीन आहे, फोर के. घरात तीन पक्ष पडलेत. बायको म्हणते आता घेतोयस तर ब्लू-रे (डीव्हीडीनंतरचा, जास्त स्पष्ट चित्राचा प्रकार) घे, मेहुणा म्हणतो होम थिएटरचा अख्खा सेट घे, मुलगी म्हणते बाबा कशाला.

माझं मत: साधा डीव्हीडी प्लेयर, एचडीएमआय असलेला, बास. 'फुल एचडी अपस्केलिंग' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात त्याला मी भुलणार नाही. डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६, फोर के टीव्ही ३८४० बाय २१६०. गुणाकार करून बघा, एका पिक्सेलचे बरोब्बर वीस करायचे आहेत, म्हणजे एकोणीस मनानेच भरायचे. ते प्लेयरने भरले काय नि टीव्हीने भरले काय, जे आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

निळा_लेझर
पूर्ण असहमत. पाणी तेच असलं तरी पोहरा गळका नको ना!

तुम्ही पिक्सेल मोजताय पण डीव्हीडीची खरी भानगड इंटरलेसिंगची आहे. नाटक, मैफल, घरचा समारंभ हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट केलेलं असतं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम, एकात विषम ओळी, एकात सम. त्या नीट जोडल्या नाहीत तर कोणी हात हलवला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. सिनेमाचं त्यामानाने सोपं असतं. हे जोडायचं काम स्वस्त प्लेयरची चिप वाईट करते, आणि एकदा तिने वाईट जोडून पुढे पाठवलं की मग टीव्ही कितीही भारी असू दे, त्याला ते सुधारता येत नाही. बऱ्या ब्लू-रे प्लेयरची चिप हे काम चांगलं करते आणि तुमची एकूण एक डीव्हीडी त्यात चालते.

शिवाय हे यंत्र फार दिवस मिळेल असं समजू नका. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये नवीन मॉडेल काढणार नाही म्हणून सांगितलं. मिळतंय तोवर चांगलं घेऊन ठेवा.

कपाटभर
दात्यांचा मुद्दा मान्य, पण मग साध्या प्लेयरचं आउटपुट ५७६आय वर (म्हणजे अर्ध्या फ्रेम न जोडता तशाच) ठेवायचं, जोडाजोडी टीव्हीवर सोडायची. माझ्या टीव्हीची चिप त्या खोक्यातल्या कुठल्याही चिपपेक्षा नवीन आहे.

आणि ब्लू-रेची एकही डिस्क माझ्याकडे नाही हो. जी माणसं घरात राहतच नाहीत त्यांच्यासाठी खोली बांधायची का?

निळा_लेझर
५७६आय एचडीएमआयवरून बाहेर देणारा साधा प्लेयर आधी शोधून दाखवा. बरेचसे ५७६पी पासूनच सुरू होतात, म्हणजे जोडाजोडी आतच उरकलेली. घेण्याआधी सेटअप मेन्यू उघडून बघा म्हणजे कळेल.

पाच_पूर्णांक_एक
तुम्ही दोघं चित्रावरूनच भांडताय, आवाजाचं कोणी बोलतच नाहीये! डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल ४४८ केबीपीएसपर्यंत असतो, काही डिस्कवर डीटीएस पण (दोन्ही आवाज साठवायच्या पद्धती), आणि ते सगळं तुम्ही टीव्हीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दोन टिचभर स्पीकरवर ऐकणार? मेव्हण्याचं ऐका. होम थिएटर सेट घ्या, प्लेयर, अँप, सहा स्पीकर सगळं एकात, वायरी जोडल्या की झालं. मैफलीच्या डिस्क आहेत म्हणता ना, मग तर नक्कीच.

सुटा_सुटा
@पाच_पूर्णांक_एक, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. हा एकातच सगळं प्रकार म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. आमच्याकडे होता. चार वर्षांनी लेन्स गेली, तर अँपसुद्धा निरुपयोगी, कारण त्याला बाहेरून आवाज घ्यायला एकच ऑक्सची पिन, म्हणजे सहा स्पीकरच्या पाच पूर्णांक एक आवाजाचं झालं दोन. स्पीकर तरी वापरू म्हटलं तर त्यांच्या पिना त्या कंपनीच्या स्वतःच्याच, दुसऱ्या अँपला बसेनात. शेवटी वायरी कापून उघड्या केल्या तर स्पीकर ३ ओहमचे आणि अँपला हवेत किमान ६ चे. सहा स्पीकर दोन वर्षं माळ्यावर होते.

प्लेयर सुटा घ्या, आवाज सुटा घ्या. प्लेयरच्या मागे कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल आउट (डिजिटल आवाज बाहेर द्यायची पिन) आहे का तेवढं बघा, नसेल तर एचडीएमआयने टीव्हीत आणि तिथून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच बाहेर द्यायची सोय) साउंडबारला. आणि पहिल्याच दिवशी 'चित्र येतंय पण आवाज नाही' झालं तर घाबरू नका, ऑडिओ सेटिंग बिटस्ट्रीमवर (डिस्कवरचा आवाज न उलगडता तसाच पुढे) असेल आणि टीव्हीला ते कळत नसेल, पीसीएम (प्लेयरनेच उलगडलेला आवाज) करा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कानठळ्या बसवणारी अशी तक्रार असेल तर डायनॅमिक रेंज किंवा नाइट मोड शोधा. निम्मी माणसं प्लेयर खराब म्हणून परत करतात आणि भानगड मेन्यूत असते. चित्राचंही तसंच, टीव्ही टाइप ४:३ वर राहिला की सगळे नट लठ्ठ दिसायला लागतात :)

पाच_पूर्णांक_एक
एका सेटवरून सगळ्यांना झोडपू नका. आमचा नऊ वर्षं चाललाय.

सुटा_सुटा
चालतोय तोवर चांगलाच आहे की. मी गेल्यावरचं सांगतोय.

हार्डडिस्कवाली
मी तुमच्या मुलीच्या पक्षात. दीडशे डिस्क, सगळ्या दुहेरी थराच्या ८.५ जीबीच्या धरल्या तरी सव्वा टीबीच्या आसपास जातं. दोन टीबीची एक हार्डडिस्क, काम खल्लास. ना ट्रे, ना गुरगुर. २०२६ मध्ये डीव्हीडी प्लेयर विकत घेणं म्हणजे मला तरी कळत नाही. नेटफ्लिक्सनेसुद्धा पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं काम सप्टेंबर २०२३ ला बंद केलं.

कपाटभर
ताई, एक डिस्क कॉपी व्हायला अर्धा तास धरला तर पंचाहत्तर तास होतात. कोण बसणार? शिवाय विकतच्या डिस्कवर सीएसएसचं कुलूप असतं, ते फोडणं कायद्यात कुठे बसतं कुठे नाही ते बघत बसा. आणि खरं सांगू का, कपाट उघडायचं, बोटं फिरवत डिस्क निवडायची, यातच अर्धी मजा आहे. फोल्डरमध्ये नावं वाचून माझं काही बघायचं मनच होत नाही.

हां, पण यूएसबी पोर्ट असलेला घ्यावा म्हणजे दोन्ही होईल, नाही का?

हार्डडिस्कवाली
त्या यूएसबीवर भरवसा ठेवू नका. साध्या प्लेयरचं पोर्ट बहुतेक वेळा एफएटी३२ (ड्राइव्ह फॉरमॅट करायची जुनी पद्धत) च वाचतं, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि आजकालच्या एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) फाइल्स तर ओळखतसुद्धा नाही. देवनागरी सबटायटल टाकलीत तर अक्षरांच्या जागी चौकोन. (डिस्कवरची सबटायटल मात्र कुठल्याही लिपीत दिसतात कारण ती मुळात चित्रं असतात, हा एक गुण डीव्हीडीला द्यायलाच पाहिजे.)

पण बाकीच्या दीडशेचं सोडा, त्या घरच्या नऊ-दहा डिस्कचं काय? त्या विकतच्या डिस्कसारख्या साच्यात छापलेल्या नसतात, रंगाच्या थरावर लेझरने लिहिलेल्या असतात, तो थर वर्षांनुवर्षं उतरत जातो. त्यांना कुलूपबिलूप काही नसतं. तेवढ्या तरी आजच कॉपी करा.

निळा_लेझर
हे मात्र शंभर टक्के. आणि एक विचारतो, तुमचा जुना प्लेयर एकदम गेला की आधी घरच्या डिस्क नाकारायला लागला आणि विकतच्या काही दिवस चालत राहिल्या?

कपाटभर
अहो अगदी तस्संच झालं! तुम्हाला कसं कळलं? वर्षभर घरच्या डिस्क अडकत होत्या, सिनेमे मस्त चालायचे. आम्हाला वाटलं त्या डिस्कच खराब झाल्या.

निळा_लेझर
लिहिलेल्या डिस्कवरून प्रकाश परत कमी येतो. लेझर म्हातारा झाला की त्याला आधी त्याच दिसेनाशा होतात, छापलेल्या दिसत राहतात. डिस्क बहुतेक चांगल्या असतील. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. रेकॉर्डरवर बनवलेल्या असतील आणि फायनलाइझ (म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क बंद) करायच्या राहिल्या असतील तरच भानगड, तशा दुसऱ्या यंत्रात एरवी चालत नाहीत.

कपाटभर
दोन फेकल्या हो.

हार्डडिस्कवाली
अरेरे. कसल्या होत्या?

कपाटभर
एक मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगची. एक आईच्या पंचाहत्तरीची.

सुटा_सुटा
ज्यांनी शूट केलं त्यांच्याकडे मूळ कॅसेट असेल का बघा. पंचाहत्तरीच्या प्रती नातेवाइकांना वाटल्या असतीलच, कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये निघेल.

कपाटभर
*(आठ दिवसांनी)* मित्राचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. उरलेल्या आठ डिस्कपैकी सात कॉपी झाल्या, एक मध्येच अडकते, तिचा पहिला अर्धा तास मिळाला. आईच्या कार्यक्रमाची प्रत मामेबहिणीकडे सापडली, कव्हरसकट. गॅदरिंगची नाही मिळाली. मुलगी म्हणते जाऊ दे, मी त्यात झाड झाले होते.

प्लेयर मात्र मी साधाच घेतला. दुकानात खिशातून घरची डिस्क काढली, ती चालवून दाखवा म्हटलं. पहिल्या मॉडेलवर ती अडखळली, दुसऱ्यावर सरळ चालली, तोच उचलला. मागे कोअॅक्शियल आउट आहे, पुढे आकडे दाखवणारा डिस्प्ले आहे आणि बटणंही आहेत, हे महत्त्वाचं, कारण हल्ली काहींवर ट्रेचं बटण सोडून काहीच नसतं, रिमोट हरवला की बसा. सेटअपमध्ये ५७६आय नाहीये, @निळा_लेझर तुम्ही जिंकलात. मैफलीत तबलजींच्या बोटांना दाते दिसतात.

निळा_लेझर
ब्लू-रे घ्यायला सांगत होतो.