मदत हवी आहे: शेजारच्या सरकारी घरांवर हरकत कशी लिहायची? (तातडीचं)

त्रस्त_सभासद
सोसायटीला लागून सरकारी घरं येणार आहेत. हरकतीची मुदत परवा संपतेय आणि कमिटीने पत्र माझ्या गळ्यात मारलंय. 'परिसराचा दर्जा घसरेल' इथवर लिहिलं, पुढे गाडी हलत नाही. कुणाकडे तयार मसुदा आहे का? उपदेश नको, प्लीज.

खडूस_काका
घरं भाड्याची की मालकीची? किती मजले? विकास आराखड्यात भूखंडावर आरक्षण कसलं? काहीच सांगत नाही, मसुदा कशाचा देऊ, डोंबलाचा?

त्रस्त_सभासद
मोकळी जागा आहे, मुलं खेळतात. एवढं पुरत नाही का?

नकाशेवाला
नाही पुरत. अशा बऱ्याच सुनावण्यांना बसलोय. 'दर्जा', 'तसले लोक' वाचलं की साहेब पान उलटतात. सांडपाण्याची वाहिनी केवढी, पाण्याला दाब किती, अग्निशमनची गाडी वळते का, हे लिहा. कोण राहायला येणार यावर हरकत घेऊन हसं होतं.

फ्लॅटधारक७
पण भाव पडतात त्याचं काय? सेंट लुईसची प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत आठवा. अकरा मजली ३३ इमारती, बांधून २० वर्षं व्हायच्या आत, १९७२ मध्ये पाडायला सुरुवात!

बाल्कनीतली_मैना
अर्धीच गोष्ट सांगताय. तिथे देखभालीचा खर्च भाड्यातूनच काढायचा होता. माणसं कमी झाली, पैसा आटला, लिफ्ट बंद पडल्या. न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावाने गरिबांना परवडणारी घरं अडवू नयेत हा कोर्टाचा निकाल १९७५ चा, तरी विरोधापायी १४० पैकी पहिली घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. पुढे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसींनी अभ्यास केला, तर शेजारच्या घरांचे भाव पडलेले नाहीत आणि गुन्हेही वाढलेले नाहीत.

फ्लॅटधारक७
अमेरिकेचे दाखले इथे कशाला?

बाल्कनीतली_मैना
सेंट लुईस कुठे आलं म्हणे?

गच्ची_गळते
अवांतर: शेजारी पायलिंग झालं तेव्हा आमच्या जिन्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली. बिल्डर म्हणे, आधीचीच आहे. भिंतींचे फोटो आत्ताच काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून.

खडूस_काका
आरक्षणाचं विचारलं होतं.

त्रस्त_सभासद
आराखडा बघून आलो. आरक्षण घरांचंच आहे, आधीपासून. तिथली हिरवळ आणि झोपाळे फक्त आमच्या बिल्डरच्या माहितीपत्रकात होते.
आणखी एक. पत्राच्या झेरॉक्स आणायला वॉचमनला पाठवलं होतं. येताना त्याने ते वाचलं असावं. गठ्ठा हातात देत म्हणाला, "साहेब, या घरांचा अर्ज कुठे मिळतो?"
दर्जाचं वाक्य खोडलंय. नुसतं सांडपाण्याचं ठेवतोय, कमिटी काय बोलायचं ते बोलो. वाहिनीची माहिती कुठे मिळेल?

नकाशेवाला
जलनिस्सारण विभागात. लेखी मागा, पोच घ्या.

खडूस_काका
वॉचमनला काय सांगितलंत?

गच्ची_गळते
फोटो काढले का?