मदत हवी आहे : आईला इसबगोल चालू केलंय पण पोट आणखीच जड झालंय

नमस्कार मंडळी. मी बेळगावात असतो, आई खानापूर तालुक्यात गावी एकटीच, वय ६८. पोट साफ होत नाही ही तिची जुनीच तक्रार, पण यंदा पाऊस लागल्यापासनं तीन-तीन दिवस होईना म्हणायली. दोन्ही वेळेला भात-आमटी, भाकरी चावत नाही म्हणून सोडली, भाजी नावाला. मग मीच मेडिकलमधनं इसबगोल नेऊन दिलं, रोज रात्री एक मोठा चमचा घे म्हटलं. आठ दिवस झाले, आता म्हणते पोट फुगलंय, दगड ठेवल्यागत वाटतंय.

रविवारी गेलो तेव्हा बघितलं, भुसा तोंडात टाकते, वर दोन घोट पाणी आणि लगेच आडवी. पाणी का पीत नाहीस विचारलं तर गप्प. शेजारच्या काकूंनी सांगितलं, संडास परसात, रात्री चिखलातनं दुखरे गुडघे घेऊन जायला लागतं म्हणून ती अंधार पडला की पाणीच पीत नाही. मला इतकी वर्षं कळलंच नाही ओ.

सकाळी दिलं तर चालेल काय? पण सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी असते.

प्रतिसाद : दादा, आधी ते थांबवा आणि डॉक्टरना दाखवा. पोट खूप दुखत असेल, उलटी होत असेल किंवा वारा सुद्धा सरत नसेल तर आजच न्या. इसबगोल पाणी शोषून फुगतं, त्याची खळीसारखी लगदी होते आणि त्यानं मळ मऊ होतो, पाणीच नसलं तर उलट आतच अडकतं, कोरडं घेतलं तर घशात पण. डॉक्टर हो म्हटले तर एका लहान चमच्यानं सुरू करा, पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट व्हायच्या आत प्यायचं आणि वर अजून एक पेला. थायरॉईडच्या गोळीनंतर ४ तास जाऊ द्या, म्हणजे दुपारी जेवणाच्या सुमाराला बसतंय, संडासाला जायचं ते पण उजेडात. पिकलेला पेरू, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, भेंडी यातनं पण फायबर म्हणजे पोट साफ व्हायला लागणारा चोथा मिळतो, चावायला त्रास नाही.

धागाकर्ता : खूप आभार ताई. आईला फोन केला, उलटी नाही, वारा सरतोय म्हणाली, उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय. परसात फरशी आणि लाईट घालायला गवंड्याला पण सांगितलंय.